ग्रामपंचायत व शाळांतील इंटरनेट जोडणी : कंपनीच्या पेटीमागे स्वतःचा राउटर

भारतातील सर्वसामान्य ग्राहकास इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमामार्फत प्रथम उपलब्ध झाली. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून एका वेळी एक संगणक जोडला जाई आणि काम संपताच जोडणी तोडली जाई. पुढे केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळ्याच्या योजनेस मान्यता दिली. २०१५ पासून 'भारतनेट' या नावाने परिचित असलेल्या या योजनेचा उद्देश ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतू, म्हणजे बोलीभाषेतील 'फायबर', नेण्याचा आहे. त्याच बरोबर खाजगी कंपन्या व स्थानिक केबल व्यावसायिक यांनीही गावोगावी फायबर नेले आहे. परिणामी ग्रामपंचायत कार्यालय, आपले सरकार सेवा केंद्र, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र यांच्या भिंतीवर एक लहानशी पेटी येऊन बसली असून दाखल्यांपासून विद्यार्थ्यांच्या नोंदींपर्यंतचा सारा व्यवहार तिच्यातून ये-जा करतो. या पेटीच्या मागे आपला स्वतःचा राउटर का जोडावा, कसा जोडावा आणि जोडताना कोणत्या चुका टाळाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पेटीत काय असते

कंपनी जी पेटी बसवून देते तिला कोणी मोडेम म्हणतात, कोणी राउटर, तर कोणी ओएनटी. वस्तुतः त्या एकाच पेटीत निरनिराळी कामे एकत्र केलेली असतात. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाच्या संकेतांचे विद्युत संकेतांत रूपांतर करणे हे तिचे पहिले काम. ते दुसऱ्या कोणत्याही साध्या राउटरला करता येत नाही. शिवाय पेटीचा अनुक्रमांक बहुधा कंपनीच्या केंद्रातील यंत्रात नोंदविलेला असतो. त्यामुळे ही पेटी काढून तिच्या जागी बाजारातून आणलेला राउटर लावला की झाले, अशी समजूत असेल तर ती सोडून दिलेली बरी. पेटी राहणारच; प्रश्न उरतो तो तिच्या इतर कामांचा. आतील संगणकांना पत्ते वाटून देणे, त्यांची बाहेरची ये-जा सांभाळणे, आगंतुकांस दाराशी अडविणे आणि वाय-फाय पुरविणे ही ती कामे होत. ही सर्व कामे आपल्या राउटरकडे घेता येतात.

ती का घ्यावीत, असे विचारले जाईल. ज्या घरात दोन मोबाइल आणि एक दूरचित्रवाणी संच आहे त्या घराने या खटाटोपात पडण्याचे कारण नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. कार्यालयाची गोष्ट निराळी. कंपनीच्या पेटीतील पुष्कळशा व्यवस्था ग्राहकास बदलता येत नाहीत. कंपनी दुरून त्या बदलू शकते आणि पेटी बदलली की आपण केलेली मांडणीही तिच्याबरोबर जाते. स्वतःचा राउटर असल्यास कंपनी बदलली तरी आतील संगणक, मुद्रक आणि कॅमेरे यांची घडी मोडत नाही. जर्मनीत या प्रश्नावर कायदाच करावा लागला. कंपनीचेच उपकरण वापरण्याची सक्ती तेथे १ ऑगस्ट २०१६ पासून संपुष्टात आली आणि आपल्या पसंतीचे उपकरण जोडण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य झाला.

आवक-जावक नोंदवहीचा दाखला

पुढील विवेचन समजण्यासाठी पत्त्यांची व्यवस्था थोडी पाहिली पाहिजे. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला चार आकड्यांचा एक पत्ता असतो. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. असे एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाखांच्या आसपास होतात. जगातील मोबाइल व संगणकांचा विचार करता ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १० या आकड्याने सुरू होणारे सर्व, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे, असे हे तीन गट होत. हे पत्ते कोणीही आपल्या इमारतीत वापरावेत. मात्र बाहेरच्या जगात त्यांना ओळख नाही.

मग आतील संगणकाचे पत्र बाहेर जाते कसे? येथे कोणत्याही कार्यालयातील जावक लिपिकाची आठवण करावी. निरनिराळ्या टेबलांवरील पत्रे त्याच्याकडे येतात, तो प्रत्येकावर जावक क्रमांक घालतो, नोंदवहीत लिहून ठेवतो आणि सर्व पत्रे कार्यालयाच्या एकाच पत्त्यावरून रवाना करतो. उत्तर येते ते त्या क्रमांकाचा संदर्भ देऊन. लिपिक नोंदवही पाहतो आणि पत्र योग्य टेबलावर पोहोचवितो. राउटर नेमके हेच काम एका सेकंदात असंख्य वेळा करतो. ज्या पत्रावर कोणताही संदर्भ नाही, ते कोणाला द्यावे हे लिपिकास ठाऊक नसल्याने ते बाजूला पडते. बाहेरून येणाऱ्या अनाहूत वाहतुकीपासून आतील संगणकांना जे संरक्षण मिळते, त्याचा एक भाग यातूनच येतो.

आता कंपनीच्या पेटीमागे आपला राउटर जोडला की जावक लिपिक दोन होतात. ग्रामपंचायतीचे पत्र आधी तिच्या नोंदवहीतून आणि मग पंचायत समितीच्या नोंदवहीतून जावे तशी ही स्थिती होय. पत्रे जातात, उत्तरे येतात, काम अडत नाही. दुहेरी नोंदीची ही पद्धत सदोष आहे असे अनेक जण ठासून सांगतात. परंतु संकेतस्थळे पाहणे, अर्ज भरणे, दृक्‌श्राव्य बैठकीस उपस्थित राहणे अशा नित्याच्या कामांत तिची अडचण सहसा जाणवत नाही. ती जाणवते बाहेरून आत येऊ पाहणाऱ्या वाहतुकीला. कॅमेऱ्यांचे चित्रीकरण घरबसल्या पाहणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण असून त्याचा विचार पुढे केला आहे.

सर्वांत सोपी जोडणी

पहिली पद्धत म्हणजे पेटीत काहीही न बदलता तिच्यामागे राउटर ठेवणे. राउटरच्या पाठीमागे एक छिद्र वेगळ्या रंगाचे असते व त्यावर वॅन किंवा इंटरनेट असे लिहिलेले असते; उरलेली छिद्रे लॅन म्हणून ओळखली जातात. पेटीच्या लॅन छिद्रातून निघालेली केबल राउटरच्या वॅन छिद्रात घालावयाची, एवढीच ही जोडणी आहे. परंतु ती करण्यापूर्वी एक काम आवर्जून करावे, कारण ते न केल्यानेच पुष्कळ ठिकाणी घोटाळा होतो.

समजा, पेटी आपल्या बाजूला १९२.१६८.१.१ हा पत्ता वापरीत आहे आणि नवा राउटरही कारखान्यातून तोच पत्ता घेऊन आला आहे. एकाच गावात दोन वाड्यांना एकच घर क्रमांक दिल्यावर टपालवाल्याची जी गत होईल ती येथे राउटरची होते. आपला समोरचा शेजारी आणि आपण स्वतः यांत त्याला फरक करता येत नाही. काही नवे राउटर हा संघर्ष ओळखून आपला पत्ता आपोआप बदलतात. सर्वच बदलतात असे नाही. म्हणून पेटीची केबल जोडण्याआधी एक संगणक केबलने राउटरच्या लॅन छिद्राला जोडावा, राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता संगणकाच्या ब्राउझरमध्ये टंकून त्याचे व्यवस्थापन पान उघडावे आणि लॅनचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा, पेटीहून वेगळा, करावा. ब्राउझरमध्ये हे आकडे इंग्रजी अंकांतच टंकावे लागतात हे सांगावयास नको, तरीही सांगून ठेवतो. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर मग पेटीची केबल वॅनमध्ये घालावी आणि वॅनचा प्रकार 'पत्ता आपोआप घेणे' असा निवडावा. राउटरच्या स्थिती दाखविणाऱ्या पानावर वॅनपुढे १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता दिसला की पेटीने राउटरला आपल्या घरात घेतले असे समजावे.

आत कोण, बाहेर कोण

येथे एका अशा मुद्द्याकडे लक्ष वेधावयाचे आहे की ज्याची जाणीव जाणकार म्हणविणाऱ्यांनाही पुष्कळदा नसते. ग्रामपंचायतीत दाखल्यासाठी आलेले नागरिक, बैठकीस आलेले सदस्य, शाळेत आलेले पालक यांना वाय-फाय द्यावे लागते. त्यांच्यासाठी नवा राउटर आणला जातो, तो पेटीमागे जोडला जातो आणि कार्यालयाचे संगणक पूर्वीप्रमाणे पेटीलाच राहतात. पाहुण्यांची वेगळी सोय केली, आता कार्यालय सुरक्षित झाले, असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात झालेले असते नेमके उलट.

कारण असे की, मागच्या राउटरच्या आत असलेले यंत्र बाहेर पडताना पेटीच्या अंगणातून जाते, आणि जाता जाता त्या अंगणातील कोणाचेही दार ते ठोठावू शकते. अंगणातील यंत्राला मात्र मागच्या राउटरच्या आत सहजी शिरता येत नाही; संदर्भाविना आलेल्या पत्राप्रमाणे ते दाराशीच अडते. म्हणजे पाहुणे मागच्या राउटरवर आणि कार्यालय पेटीवर असेल, तर पाहुण्याच्या मोबाइलमधील एखादे दूषित ॲप कार्यालयाचा मुद्रक, सामाईक फोल्डर आणि ज्या संगणकाला डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लावलेले असते तो संगणक यांच्यापर्यंत पोहोचू शकते. म्हणून क्रम उलटा हवा. पाहुणे अंगणात, म्हणजे पेटीच्या वाय-फायवर ठेवावेत आणि कार्यालय माजघरात, म्हणजे आपल्या राउटरच्या आत असावे. दोन्ही वाय-फायना वेगवेगळी नावे व वेगवेगळे पासवर्ड द्यावेत. पाहुण्यांसाठी वाय-फाय द्यावयाचेच नसेल तर पेटीचे वाय-फाय बंद करून टाकावे.

ज्या राउटरमध्ये पाहुण्यांसाठी निराळे जाळे करण्याची सोय आहे तेथे हे काम एकाच राउटरवर होऊ शकते. पण तो राउटर केवळ वाय-फायचा विस्तार म्हणून चालविला असेल तर पाहुण्यांचे जाळे खरोखरच वेगळे राहते का, हे तपासून घेणे आवश्यक आहे. तपासणी सोपी आहे : पाहुण्यांच्या वाय-फायवर मोबाइल जोडून कार्यालयातील मुद्रकाचा पत्ता ब्राउझरमध्ये टंकावा. मुद्रकाचे पान उघडले तर भिंत नाही असे समजावे.

गावातील जनतेसाठी सार्वजनिक वाय-फाय चालविण्याचा विचार असेल तर कार्यालयाची जोडणी त्यासाठी वापरू नये. त्याकरिता केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मान्य केलेली पीएम-वाणी ही स्वतंत्र व्यवस्था आहे.

पेटीला केवळ पूल करणे

दुसरी पद्धत ब्रिज मोडची, अर्थात पेटीला केवळ पूल बनविण्याची. यात पेटी फक्त प्रकाशाचे रूपांतर करते आणि बाकीची सर्व कामे आपला राउटर करतो; जावक लिपिक एकच राहतो. तांत्रिकदृष्ट्या ही मांडणी सर्वांत स्वच्छ होय. तथापि पूर्वतयारी न करता तिला हात घालू नये. अनेक कंपन्यांच्या जोडणीत पीपीपीओई नावाची पद्धत असते व तिच्यासाठी ग्राहकाचे एक नाव आणि पासवर्ड लागतो. आजवर ते पेटीत साठविलेले होते. आता ते राउटरमध्ये घालावे लागणार. ते कंपनीकडून लेखी घ्यावेत. काही ठिकाणी व्हीलॅनचा क्रमांकही लागतो, तोही त्याच वेळी विचारून ठेवावा. पेटीला टेलिफोन जोडलेला असल्यास पूल केल्यानंतर तो बंद पडण्याचा संभव असतो, तेव्हा कंपनीच्या माणसासमोरच बदल करून टेलिफोनची चाचणी घ्यावी. पेटीला पूल केले की पाहुण्यांना बसविण्याचे अंगणही नाहीसे होते. त्यांची सोय आपल्या राउटरच्या पाहुणे-जाळ्यातच करावी लागते.

तिसरी पद्धत शाळांना विशेष सोयीची आहे. पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीत आणि संगणक कक्ष इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, अशी स्थिती असते. तेथे केवळ वाय-फायची व्याप्ती वाढवावयाची असल्यास राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालवावा. बहुतेक नव्या राउटरमध्ये त्याची निवड एका जागी असते. ती नसेल तर केबल वॅनऐवजी लॅन छिद्रात घालून राउटरमधील डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे आणि राउटरला पेटीच्याच गटातील पण न वापरलेला एक पत्ता द्यावा. डीएचसीपी बंद करावयाचे राहिले तर एका शिधावाटप दुकानात दोन दुकानदार दोन निरनिराळ्या नोंदवह्यांवर माल वाटू लागल्यासारखे होते. काही संगणकांना पेटीकडून पत्ता मिळतो, ते चालतात. काहींना राउटरकडून मिळतो, ते अडतात. दुपारी चाललेला संगणक सकाळी बंद पडतो. शिक्षक कंपनीला दूरध्वनी करतात, कंपनीचा माणूस येऊन पेटीची तपासणी करतो, पेटी निर्दोष निघते आणि दोष तसाच राहतो.

कॅमेरे बाहेरून का दिसत नाहीत

बाहेरून येणाऱ्या विशिष्ट वाहतुकीसाठी राउटरमध्ये कायमचा आदेश देऊन ठेवता येतो. 'या विषयाचे पत्र आले की संदर्भ नसला तरी अमुक टेबलावर द्यावे' अशा स्वरूपाच्या या आदेशाला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. लिपिक दोन असतील तर आदेशही दोघांना द्यावा लागतो, हे विसरल्यामुळे कॅमेरे दिसत नाहीत.

दोन्हीकडे आदेश देऊनही चित्र दिसत नसेल तर पेटीचा वॅन पत्ता पाहावा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या गटातील असेल, तर कंपनीच्या केंद्रात तिसरा लिपिक बसलेला आहे असे समजावे. पत्त्यांच्या टंचाईमुळे कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच बाहेरील पत्त्यामागे ठेवतात व त्यासाठी हा गट २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. काही कंपन्या येथेही १० ने सुरू होणारे पत्ते वापरतात. या तिसऱ्या लिपिकाला आदेश देणे ग्राहकाच्या हाती नाही. कंपनीकडून स्वतंत्र स्थिर पत्ता शुल्क भरून घेणे, किंवा आतून बाहेर जोडणी करणारी व्हीपीएनसारखी सोय करणे, हेच मार्ग उरतात. राउटर बदलून हा प्रश्न सुटेल असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. किंबहुना गावातील कॅमेऱ्यांचे दार जगासाठी उघडे ठेवणे मुळातच धोक्याचे असल्याने, पोर्ट फॉरवर्डिंगपेक्षा व्हीपीएनचा मार्ग प्रस्तुत लेखकास अधिक पसंत आहे.

पासवर्डचा प्रश्न

हा धोका काल्पनिक नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या दूषित प्रणालीने कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे व राउटर जगभरातून ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांच्या साहाय्याने अमेरिकेतील अनेक प्रमुख संकेतस्थळे काही तास दुर्गम केली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस जर्मनीत डॉइच टेलिकॉम या कंपनीच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा अशाच एका हल्ल्यामुळे विस्कळीत झाली. हल्ल्याचा रोख होता तो कंपनीला पेटी दुरून हाताळता यावी म्हणून ठेवलेल्या दाराकडे. मे २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या 'व्हीपीएनफिल्टर' प्रकरणात ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणे बाधित झालेली आढळली. आपल्या गावच्या राउटरमध्ये कोणाला काय रस, हा प्रश्न म्हणूनच गैरलागू ठरतो. हल्लेखोर गाव पाहत नाही, उघडे दार पाहतो.

तेव्हा वाय-फायचा पासवर्ड आणि राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी असून दोन्ही पहिल्याच दिवशी बदलाव्यात. पेटीच्या तळाशी चिकटविलेल्या कागदावर मूळ पासवर्ड छापलेला असतो आणि त्याचे छायाचित्र घेण्यास पाहुण्याला क्षणभर पुरते. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-३, आणि जुनी उपकरणे असल्यास डब्ल्यूपीए-२, असा ठेवावा. बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस ही सोय बंद करावी. तिच्या आठ अंकी क्रमांकातील दोष २०११ मध्येच उघड झाला आहे. बाहेरून व्यवस्थापन पान उघडण्याची सोय बंद असल्याची खात्री करावी आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरमधील मूळ प्रणाली, वेळोवेळी अद्ययावत करावी. ज्या राउटरसाठी निर्मात्याने नवी फर्मवेअर देणे थांबविले आहे तो चालत असला तरी कार्यालयात ठेवू नये.

जागा, वीज आणि नोंद

राउटर लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवण्याची प्रथा काही कार्यालयांत दिसते. चोरीची भीती समजण्याजोगी असली तरी लोखंडातून वाय-फाय बाहेर पडत नाही. भिंतीवर उंच जागी घडवंचीवर ठेवणे बरे. २.४ गिगाहर्ट्‌झचे वाय-फाय दूरवर जाते पण तेथे गर्दी असते; ५ गिगाहर्ट्‌झचे वेगवान असते पण जुन्या दगडी भिंतीपुढे हार मानते. पेटी व राउटर जवळजवळ असल्यास २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ व ११ यांपैकी दोघांना वेगवेगळी वाहिनी द्यावी. तांब्याच्या केबलची लांबी १०० मीटरपलीकडे नेऊ नये, आणि दोन स्वतंत्र इमारतींमध्ये ती उघड्यावरून तर मुळीच ओढू नये. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तर दोन्ही टोकांची उपकरणे जळतात. तेथे फायबरच योग्य.

वीज खंडित होण्याचा प्रश्न असलेल्या गावांत पेटी व राउटर दोन्ही एकाच बॅटरीवर ठेवावेत. केवळ राउटर चालू राहिला तर मोबाइलवर वाय-फायचे चिन्ह दिसते आणि इंटरनेट मात्र नसते. दोन्हींचे अडॅप्टर सारखे दिसले तरी व्होल्ट व अँपिअर वाचल्याशिवाय अदलाबदल करू नये. पुन्हा सुरू करताना आधी पेटी, दोन मिनिटांनी राउटर, हा क्रम ठेवावा. पेटीवरील लॉस असे लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर दोष फायबरमध्ये आहे. तेथे आपल्या राउटरशी झटापट करण्यात वेळ घालवू नये. आणि पेटीच्या मागील बारीक छिद्रातील रीसेटचे बटण कोणीही टाचणीने दाबू नये, कारण कंपनीने त्यात भरलेली माहिती पुसली जाऊन चालू जोडणीही बंद पडू शकते.

राहता राहिली नोंद. पेटी बहुधा कंपनीची असते, ती सोडताना परत द्यावी लागते. राउटर संस्थेच्या मालकीचा असल्याने तो जडसंग्रह नोंदवहीत अनुक्रमांकासह घ्यावा. राउटरची मांडणी एका फाइलमध्ये साठवून घेण्याची सोय बहुतेक राउटरमध्ये असते, तिचा उपयोग करून ती फाइल जपून ठेवावी. मुख्याध्यापकांची किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची बदली होते आणि राउटरचा पासवर्ड त्यांच्या स्मरणात त्यांच्याबरोबर निघून जातो, हा अनुभव नवा नाही. व्यवस्थापनाचा पासवर्ड, पीपीपीओईचे नाव व पासवर्ड, लॅनचा निवडलेला पत्ता आणि कंपनीचा ग्राहक क्रमांक एका कागदावर लिहून तो मोहरबंद लिफाफ्यात ठेवावा, कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत त्या लिफाफ्याचा स्वतंत्र उल्लेख करावा, आणि नव्या अधिकाऱ्याने रुजू झाल्यावर पासवर्ड बदलून नवा लिफाफा ठेवावा.